मुलाचा कॅन्सर बरा होतो. उपचार मात्र अर्ध्यावर सुटता कामा नये

समजा, आपल्या घोडेगावच्या वस्तीतले एक घर आहे. वडील कांदा मार्केटमध्ये हमाली करतात. आई कांदा निवडायला जाते. मुलगी सहा वर्षांची, पहिलीत. पंधरा-वीस दिवस तिला ताप येतो आणि जातो. गावातल्या दवाखान्यातले औषध घेतले की एक-दोन दिवस बरे वाटते, पुन्हा ताप. चेहरा पांढराफटक पडलाय. पडली नाही, लागले नाही, तरी नडगीवर काळेनिळे डाग दिसतात. रात्री पाय दुखतात म्हणून रडते. कोणी म्हणते रक्त कमी झाले, कोणी म्हणते नजर लागली, कोणी अंगारा लावायला सांगते. शेवटी रक्त तपासले जाते. रिपोर्ट पाहून डॉक्टर गंभीर होतात आणि सांगतात, "मोठ्या दवाखान्यात न्या. ब्लड कॅन्सरची शंका आहे."

त्या रात्री त्या घरात दोनच प्रश्न असतात. पोरगी वाचेल का? आणि पैसा कुठून आणायचा?

हा लेख या दोन प्रश्नांसाठी आहे. पहिल्याचे उत्तर बहुतेकांना वाटते त्यापेक्षा खूप चांगले आहे. दुसऱ्याचे उत्तरही आहे, पण ते वेळेवर माहीत असावे लागते.

पोरगी वाचेल का?

मुलांचा कॅन्सर आणि मोठ्या माणसांचा कॅन्सर हे दोन वेगळे आजार समजा. मोठ्यांच्या कॅन्सरमागे पुष्कळदा तंबाखू, विडी, दारू अशी कारणे असतात. मुलांच्या कॅन्सरला असे कारण बहुधा सापडत नाही. आईने गरोदरपणी काही चुकीचे खाल्ले, घरात कुणाचे पाप भोवले, शाप लागला, यातले काहीही खरे नाही. हा आजार स्पर्शाने पसरत नाही. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणात झोपल्याने होत नाही. म्हणून आजारी मुलाला आणि त्याच्या आईला वस्तीने वेगळे टाकू नये.

मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसतो तो रक्ताचा कॅन्सर, आणि त्यातही 'ए.एल.एल.' नावाचा प्रकार. हाडांच्या आत मगज असतो, तिथे रक्त तयार होते. या आजारात तिथे कच्च्या, निकामी पांढऱ्या पेशी भरमसाट वाढतात आणि चांगल्या रक्ताला जागा उरत नाही. म्हणून मूल पांढरे पडते, ताप हटत नाही, अंगावर डाग उठतात, हाडे दुखतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुले आणि किशोरवयीन कॅन्सरने आजारी पडतात. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. गरीब देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली जाते. आजार तोच, औषधेही बहुतेक तीच. फरक पडतो तो आजार वेळेवर ओळखण्यात आणि उपचार पूर्ण होण्यात. भारतातल्या चांगल्या केंद्रांत ए.एल.एल.चा पूर्ण उपचार घेणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त मुले बरी होतात, पुढे शाळा शिकतात, नोकरी करतात, त्यांची लग्ने होतात. कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या अशा मुलामुलींनी मुंबईत 'उगम' नावाचा आपला गट केला आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने २००९ पासून तो चालतो. नव्याने आजारी पडलेल्या मुलांच्या आईवडिलांना ही मंडळी भेटतात. त्यांना पाहून जो धीर येतो, तो कोणत्याही भाषणाने येत नाही.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

१. दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळणारा ताप, पांढरेपणा, थकवा.
२. न लागता उठणारे निळे डाग, हिरड्यांतून किंवा नाकातून वरचेवर रक्त.
३. मान, काख, जांघ किंवा पोटात गाठ. पोट एका बाजूने फुगलेले दिसणे.
४. डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक. मोबाइलच्या फ्लॅशने काढलेल्या फोटोत ती चटकन दिसते.
५. सकाळी उठल्यावर डोके दुखणे आणि उलटी होणे, चालताना तोल जाणे.
६. हाडांचे सततचे दुखणे, लंगडणे, कारण नसताना वजन उतरणे.

यातले काही दिसले म्हणजे कॅन्सरच असेल असे नाही. बहुतेक वेळा दुसरेच काही निघते. पण रक्ताची साधी तपासणी करून घ्यायला वेळ लावू नका. अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टर मुलांची तपासणी करायला येतात. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. ते आले की शंका मोकळेपणाने सांगा. बाहेरचे बघण्यात, उतारा टाकण्यात जे पंधरा दिवस जातात, ते या आजारात परत मिळत नाहीत.

उपचार का सुटतो?

ए.एल.एल.चा उपचार साधारण दोन ते अडीच वर्षे चालतो. पहिले सहा ते आठ महिने जोराचे असतात. सलाईनमधून औषधे, पाठीच्या मणक्यातून सुई, मधेच ताप आला तर भरती. या काळात दवाखान्याच्या जवळच राहावे लागते. नंतरचा मोठा काळ घरी राहून गोळ्या घ्यायच्या आणि ठरलेल्या दिवशी तपासणीला जायचे, असा असतो.

आता हिशोब करा. औषध फुकट मिळाले असे धरू. वडील मुलीबरोबर मुंबईत राहिले की हमाली बंद. दिवसाला ५०० रुपये धरले तरी महिन्याला १५ हजार बुडाले. मुंबईत खोलीचे भाडे, तिघांचे जेवण, दवाखान्यात जाण्या-येण्याचे भाडे. इकडे घोडेगावात दुसरी दोन पोरे आजीजवळ, त्यांचे पोट आहेच. हात-उसने घेतले, बचत गटाचे कर्ज काढले, आईचे मंगळसूत्र मोडले. तिसऱ्या महिन्यात मुलगी खेळायला लागते, केस गेलेले असले तरी चेहऱ्यावर तेज येते. मग घरचे म्हणतात, आता बरी दिसतेय, चला गावाकडे.

इथेच घात होतो. महिन्या-दोन महिन्यांत रक्तातल्या वाईट पेशी दिसेनाशा होतात, पण संपत नाहीत. उपचार सोडला की त्या परत येतात, आणि परत आलेला आजार पहिल्यापेक्षा हट्टी असतो.

मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये देशभरातून मुले येतात. तिथे २००९-१०च्या सुमारास दर पाच मुलांमागे जवळपास एका मुलाचा उपचार घरचे नाकारत किंवा मधेच सोडून देत. म्हणजे डॉक्टर होते, औषधे होती, खाट होती, तरी मूल हातचे जात होते. तेव्हा तिथल्या बालकर्करोग विभागाने 'इम्पॅक्ट' नावाची व्यवस्था उभी केली. दानशूर व्यक्ती, ट्रस्ट आणि कंपन्यांकडून पैसा गोळा करायचा आणि त्यातून नुसती औषधेच नव्हे, तर राहणे, खाणे, पोषण, रक्त, शाळा, आईवडिलांना धीर देणे हे सगळे पाहायचे. एखादे मूल ठरल्या दिवशी आले नाही तर घरी फोन करायचा आणि अडचण काय ते विचारायचे. काही वर्षांत उपचार सोडणाऱ्यांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आले. या मुलांसाठी कोणतेही नवे औषध निघाले नव्हते. खोली, रेशन आणि एक फोन यांनी ही मुले उपचारात टिकली.

हे उपचार लोकवर्गणीतूनच उभे राहिले

मदत घेताना पुष्कळांची मान खाली जाते. आपण कुणापुढे हात पसरतोय असे वाटते. म्हणून या उपचारांचा इतिहास थोडा माहीत असावा.

१९३१ साली मेहेरबाई टाटा रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. घरात पैशाची काय कमी होती? पण तेव्हा जगात कुणाकडेच औषध नव्हते. त्यांचे पती सर दोराबजी टाटा यांनी १९३२ साली त्यांच्या नावाने ट्रस्ट केला. रक्ताच्या कॅन्सरवरच्या संशोधनासाठी हा ट्रस्ट आजही पैसा देतो. दोराबजी त्याच वर्षी वारले. पुढे त्यांच्या ट्रस्टच्या पैशातून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. म्हणजे आज ते जनतेचे, सरकारी रुग्णालय आहे.

१९४८ साली अमेरिकेत बोस्टनला डॉ. सिडनी फार्बर यांनी ए.एल.एल.च्या मुलांना प्रथमच एका औषधाने काही महिने तरी बरे करून दाखवले. ते औषध तयार करणाऱ्या कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचा गरीब घरातला मुलगा. त्याच औषधाचे भावंड 'मेथोट्रेक्सेट' आजही आपल्या मुलांना दिले जाते. त्याच वर्षी फार्बर यांच्या दवाखान्यातल्या एका मुलाची रेडिओवर मुलाखत झाली. त्याचे खरे नाव लपवून 'जिमी' म्हटले होते. ऐकणाऱ्या सामान्य माणसांनी पाकिटात नाणी घालून पाठवली आणि २ लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. त्यातून बालकर्करोगाचे संशोधन वाढले. तो मुलगा बरा झाला आणि म्हातारा होऊन २००१ साली वारला.

१९६२ साली अमेरिकेच्या दक्षिणेत मेम्फिस शहरात डॅनी थॉमस या नटाने लोकवर्गणीतून मुलांचे सेंट ज्यूड रुग्णालय उभे केले. त्या काळी तिथे काळ्या आणि गोऱ्या माणसांचे दवाखाने, शाळा, हॉटेले वेगळी असत. थॉमस यांनी ठरवले की आपल्या दवाखान्यात काळे-गोरे मूल एकाच वॉर्डात राहील आणि पैशावाचून कुणीही परत जाणार नाही. इमारतीचा आराखडा पॉल विल्यम्स या कृष्णवर्णीय वास्तुविशारदाने मोबदला न घेता करून दिला. तेव्हा ए.एल.एल.ची शंभरातली चारच मुले वाचत. त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी अनेक औषधे एकत्र आणि दीर्घकाळ देण्याची पद्धत बसवली, आणि दहा वर्षांच्या आत निम्मी मुले वाचू लागली. आज तिथे दहातली नऊ वाचतात.

आपल्याकडे हे काम डॉ. सुरेश अडवाणी यांच्यासारख्यांनी केले. लहानपणी पोलिओ झालेला हा डॉक्टर चाकाच्या खुर्चीवरून वॉर्डात फिरतो. १९८३ साली त्यांनी टाटामध्ये नऊ वर्षांच्या मुलीवर अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. १९८४च्या सुमारास त्यांनी अमेरिकी संशोधकांबरोबर भारतातल्या मुलांना झेपेल अशी एक ठरावीक औषधपद्धत लावली. मुंबई, चेन्नई आणि दिल्लीत ती वापरली गेली आणि बऱ्या होणाऱ्या मुलांचे प्रमाण दुपटीहून वर गेले.

म्हणजे आपल्या मुलीला आज जी सुई दिली जाते, तिच्यामागे हजारो लोकांची नाणी आहेत. ती अशाच मुलांसाठी दिलेली आहेत. मदत मागणे म्हणजे त्या पैशाला त्याच्या ठरलेल्या कामी लावणे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

राहणे, जेवण आणि उरलेला खर्च

मुंबईत दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा आणि केईएमला आलेले बाहेरगावचे रुग्ण तिथे अगदी कमी पैशात राहतात. गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली, हे आपल्याला माहीत आहेच. बाबांनी देवळे बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. त्यांचा उपयोग आज कळतो.

'सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स' ही संस्था २००६ साली मुंबईत सुरू झाली. मेम्फिसच्या रुग्णालयाशी नाव जुळते, पण संस्था वेगळी आहे. उपचारासाठी बाहेरगावाहून आलेल्या मुलाला आणि आईवडिलांना ती विनामूल्य जागा देते. प्रत्येक कुटुंबाला स्वतःची स्वच्छ जागा, स्वयंपाकाचा ओटा, शिधा, दवाखान्यापर्यंत गाडी. किमोमुळे मुलाची प्रतिकारशक्ती फार कमी होते. फुटपाथवर राहून तो काळ काढला तर संसर्गानेच मूल जाऊ शकते. म्हणून स्वच्छ खोली हा उपचाराचाच भाग आहे. इथे थेट जाऊन जागा मिळत नाही, रुग्णालयाकडून शिफारस लागते.

इंडियन कॅन्सर सोसायटी (स्थापना १९५१) गरीब रुग्णांच्या उपचाराचा खर्च देते. 'कॅनकिड्स' ही संस्था २००४ पासून फक्त कॅन्सरच्या मुलांसाठी काम करते आणि अनेक सरकारी रुग्णालयांत तिची माणसे बसतात. औषधे, तपासण्या, समुपदेशन याबरोबर मुलांची शाळा सुटू नये म्हणूनही ती मदत करते. 'व्ही केअर' ही मुंबईची संस्था १९९४ पासून रुग्णांना आधार, माहिती आणि औषधाची मदत देते.

यातला पुष्कळ पैसा कंपन्यांकडून येतो. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक नफ्याच्या वरच्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के वाटा समाजकार्यावर खर्च करावा लागतो, आणि आरोग्य त्यात मोडते.

जे दान नाही, कायद्याने आपले आहे

संस्थांकडे जाण्याआधी किंवा त्यांच्या जोडीने, सरकारी हक्क पूर्ण वापरा.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना : रेशन कार्ड असलेल्या महाराष्ट्रातल्या कुटुंबांसाठी आहे. आयुष्मान भारत योजनेशी जोडल्यावर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. मुलांच्या कॅन्सरचे उपचार यात आहेत. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, आधी त्याला भेटा. मोफत फोन १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००. एक अडचण नेहमी येते : मुलाचे नाव रेशन कार्डावर चढवलेलेच नसते. ज्यांची मुले आज धडधाकट आहेत, त्यांनीही हे काम याच आठवड्यात करून घ्यावे.

धर्मादाय रुग्णालये : ट्रस्टच्या नावावर चालणाऱ्या मोठ्या रुग्णालयांना सरकारकडून जागेची, कराची सवलत मिळालेली असते. त्या बदल्यात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ एए आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. बिलांच्या रकमेतले दोन टक्के 'निर्धन रुग्ण निधी'त टाकायचे असतात. वर्षाचे उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक, अशी मर्यादा आहे. 'खाट शिल्लक नाही' म्हणून परत लावले तर धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार करता येते. तोंडी भांडू नका. अर्ज द्या, पोच घ्या.

मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी : दोन्हींतून मोठ्या आजारांसाठी रक्कम मिळते. ती सरळ रुग्णालयाच्या खात्यावर जाते, आपल्या हातात येत नाही. आधीच भरलेल्या बिलाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत, म्हणून खर्चाचा अंदाज मिळाला की लगेच अर्ज करा.

प्रवास : कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या स्लीपर वर्गात पूर्ण सूट आहे आणि सोबत्याला ७५ टक्के. रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यात दाखला घ्यावा लागतो. एसटीतही कॅन्सरच्या रुग्णाला सवलत आहे, आगारात विचारून कागद करून घ्या.

घोडेगावहून निघताना : काय, कोणत्या क्रमाने

१. शंका आली की आधी नगरचे जिल्हा रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करुग्णालय गाठा. घोडेगाव या दोन शहरांच्या मधल्या महामार्गावरच आहे. संभाजीनगरचे हे रुग्णालय २०१२ पासून चालू आहे, त्याला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा आहे आणि टाटाशी ते जोडलेले आहे. मुंबईला जायची गरज आहे का, हे तेच सांगतील. मुंबईत उपचार सुरू झाला तरी नंतरचा काही भाग जवळ घेता येईल का, हेही डॉक्टरांना विचारा.

२. निघताना पिशवीत ठेवा : रेशन कार्ड, आईवडिलांचे आणि मुलाचे आधार, मुलाचा जन्मदाखला, नेवाशाच्या तहसील कार्यालयातला उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, मुलाचे आठ-दहा फोटो, आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट. प्रत्येकाच्या पाच-पाच झेरॉक्स. मूळ कागद कुणाच्याही हातात देऊन टाकू नका. दाखल्यासाठी मात्र उपचार अडवून ठेवू नका. मागे राहिलेला भाऊ किंवा चुलता दाखला काढून पाठवू शकतो.

३. टाटामध्ये फाईल जनरल गटात काढा. लवकर नंबर लागेल म्हणून खासगी गटात काढली तर मदत मिळणे अवघड होते.

४. पहिल्याच दिवशी समाजसेवा विभागात जा. सरकारी रुग्णालयात 'समाजसेवा अधीक्षक' असतात, टाटामध्ये 'मेडिकल सोशल वर्कर'. त्यांना घरची परिस्थिती खरी सांगा. किती जण कमावतात, कर्ज किती, राहायला जागा आहे का. पैसे संपल्यावर सांगायला जाऊ नका. पैसे असतानाच सांगा. कोणत्या संस्थेकडे कोणता अर्ज करायचा, हे त्यांनाच सगळ्यात चांगले माहीत असते.

५. "मदत मिळवून देतो, इतके कमिशन द्या" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. या योजनांच्या आणि संस्थांच्या अर्जाला पैसे लागत नाहीत.

६. गावी परतायचेच झाले, लग्न असो की मयत, तर डॉक्टरांना विचारून आणि पुढची तारीख लिहून घेऊनच निघा. गोळी एक दिवसही चुकवू नका. गावात मुलाला ताप आला तर घरी क्रोसिन देऊन वाट पाहू नका. किमो चालू असलेल्या मुलाचा ताप म्हणजे त्याच दिवशी दवाखाना.

वस्तीने काय करायचे

एका घरावर आलेली ही वेळ दोन-अडीच वर्षांची असते. पहिल्या आठवड्यात सगळे भेटायला येतात, सहाव्या महिन्यात कुणी येत नाही. मंडळाने, महिला मंडळाने म्हणून थोडी आखणी करावी.

जयंतीच्या वर्गणीतून एक लहान रक्कम 'आजारी मुलांसाठी' म्हणून वेगळी ठेवावी आणि तिचा हिशोब विहारातल्या फळ्यावर लिहावा. ही रक्कम किमोसाठी पुरणार नाही आणि पुरायची गरजही नाही, किमोची सोय वर सांगितलीच. ती लागते पहिल्या पंधरा दिवसांसाठी, जेव्हा कोणताही अर्ज मंजूर झालेला नसतो : गाडीभाडे, बाहेरच्या लॅबची तपासणी, चार दिवसांचे जेवण. दर महिन्याच्या तपासणीचे गाडीभाडे वस्तीने उचलले तरी उपचार सुटत नाही.

आईवडील मुंबईत असताना मागे राहिलेल्या भावंडांचे जेवण आणि शाळा शेजारच्या दोन घरांनी वाटून घ्यावी. या मुलांकडे कुणाचे लक्ष नसते, तीच शाळेतून गळतात.

जयंतीला आणि ६ डिसेंबरला आपण रक्तदान करतो. त्यात एक भर घाला. कॅन्सरच्या मुलांना प्लेटलेट फार लागतात आणि त्या पाच दिवसांहून जास्त टिकत नाहीत. म्हणून एका दिवसाच्या शिबिराने त्यांची वर्षाची गरज भागत नाही. वस्तीतल्या तरुणांची नाव, रक्तगट आणि फोन अशी यादी करून ठेवावी. मुंबईत, पुण्यात, संभाजीनगरला कामाला असलेल्या आपल्या पोरांचीही. फोन आला की एक जण लगेच निघाला पाहिजे.

शिकलेल्या एका मुलाने किंवा मुलीने त्या घराचे कागद सांभाळायची जबाबदारी घ्यावी. अर्ज भरणे, ऑनलाइन चढवणे, पोच ठेवणे. अडाणी म्हणून घाबरलेल्या बापाला खिडकीवर उभे राहायला जो बळ देतो, तो अर्धा डॉक्टरच.

आणि मूल बरे होऊन आले की त्याला पुन्हा शाळेत बसवा. "हिला कॅन्सर झाला होता" असे लग्नाच्या वेळी कुजबुजू नका. बरे झालेले मूल हे बरे झालेले मूलच असते.

तर, पोरगी वाचेल का?

सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलीकडे परत येऊ. तिचा आजार ज्या औषधाने बरा होतो ते आज महाग राहिलेले नाही आणि योजनेतून मोफत मिळते. तिला राहायला खोली आहे, जेवायला शिधा आहे, जायला गाडी आहे. हे सगळे मुंबईत तिची वाट पाहत आहे. कमी पडू शकते ते इकडच्या बाजूला. ताप अंगाऱ्यावर काढला तर, रेशन कार्डावर तिचे नाव नसले तर, समाजसेवा विभागाची पायरी बापाला उशिरा कळली तर, किंवा तिसऱ्या महिन्यात "बरी दिसतेय" म्हणून तिला घरी आणले तर.

या चारही गोष्टी आपल्या वस्तीच्या हातात आहेत. हे पान कापून विहाराच्या भिंतीवर लावा. आज कुणाला लागणार नाही, पण ज्या दिवशी लागेल त्या दिवशी शोधायला वेळ नसेल.